बाळाला वारंवार पू होतोय? आधी स्वस्त तपासणी, मग महागडी

पुन्हा पुन्हा गळवे, न्यूमोनिया, कानातून पू. महिना उलटला तरी नाळ पडलेली नाही. बीसीजीची जखम चिघळतेच आहे. यांपैकी काही दिसत असेल, तर बाळाच्या पांढऱ्या पेशींत जन्मजात दोष आहे का, हे तपासून घ्या. पण क्रम सोडू नका; क्रम सुटला की पैसे जातात.

पहिली पायरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. खासगी लॅबमध्ये साधारण २०० ते ४०० रुपये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत. अहवाल आला की स्वतः हिशेब करा : एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) टक्के, भागिले १००. ६,००० पेशी आणि ५ टक्के, म्हणजे फक्त ३००. आकडा ५००च्या खाली आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्ताची काचपट्टी पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहावी, असा आग्रह धरा. काही दोष यंत्राच्या आकड्यांत उमटत नाहीत. आकडा पडतो आणि आपोआप सावरतो? हे सुमारे २१ दिवसांचे चक्र असू शकते. त्यासाठी आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, म्हणजे १२ सीबीसी लागतात. त्या सरकारी रुग्णालयातच करा.

दुसरी पायरी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्राने एकेक पेशी तपासणे. पेशी पुरेशा आहेत पण जंतू मरत नाहीत, तर डीएचआर तपासणी. पेशी भरमसाट आहेत पण जखमेत पू धरत नाही, तर सीडी १८ची तपासणी. यासाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. आधी फोन करून वार, वेळ आणि शुल्क विचारा. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे. सकाळी दादरला उतरा.

कुरिअरने रक्त पाठवणार असाल, तर जपा. डीएचआरचा नमुना साधारण २४ तासांत तपासला जावा लागतो. बर्फात ठेवू नका. सोबत निरोगी माणसाचा नमुना लागतो. शुक्रवार-शनिवारी रक्त देऊ नका. सुटीत ते वाया जाते, आणि दुसऱ्यांदा सुई बाळालाच टोचते. बाळाला रक्त चढवायचे असेल, तर नमुना त्याआधी काढून घ्या.

तिसरी पायरी जनुक चाचणी. खासगीत एक्झोम (एकाच वेळी बहुतेक जनुके वाचणारी चाचणी) साधारण १५ ते ३० हजार, अहवालाला काही आठवडे. पैसे भरण्याआधी विचारा : आईवडिलांची पडताळणी यात धरली आहे का? समुपदेशन? नमुना नेण्याचा खर्च? बहुतेकदा हे वेगळे लावतात. अहवाल मात्र जपून ठेवा. दोष नेमका कळला असेल, तर पुढच्या गरोदरपणात ११व्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते.

सोबत न्यायचे कागद : डॉक्टरांची चिठ्ठी, आधार, रेशनकार्ड, लसीकरण कार्ड, डिस्चार्ज कार्ड, तारखांसह सगळे जुने सीबीसी. एका कागदावर लिहून न्या : लग्न नात्यातले आहे का, आईच्या माहेरी मुलगे लहानपणी दगावले का.

महात्मा फुले योजनेच्या भरवशावर बाहेर तपासण्या करू नका. ती मुख्यतः भरती रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. निदान एससीआयडी (प्रतिकारशक्तीचा गंभीर जन्मजात दोष) किंवा सीजीडीचे (पेशी जंतू मारू शकत नाहीत असा, डीएचआरमध्ये कळणारा दोष) आले, तर दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. केईएम हे त्याचे मान्य केंद्र आहे.

घरात असे मूल असेल आणि दुसरे बाळ येणार असेल, तर प्रसूतिगृहात आधीच सांगून ठेवा : तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवायची का, हे डॉक्टरांनी ठरवू द्या. या सांगण्याला एक रुपयाही लागत नाही.