व्हीलचेअरला मोबाइल कुठे लावावा?

प्रश्न : आई व्हीलचेअरवर असते. मोबाइल मांडीवरून सारखा घसरतो, पाण्याची बाटलीही हाताशी राहत नाही. काय करावं?
– एक वाचक, अंबड तालुका, जि. जालना

उत्तर : मोटारसायकलचा मोबाइल होल्डर आणा. हात टेकायच्या नळीवर आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, मग क्लॅम्प आवळा. तो फिरणार नाही, रंगही खरवडणार नाही. आईचा जो हात चांगला चालतो, त्या बाजूला बसवा. चाक, ब्रेक आणि उतरायची जागा मात्र मोकळी हवी. फोनला दोरीही बांधा. सायकलचा बाटली-स्टँडही असाच बसतो. फ्रेमला भोक कधीच पाडू नका, नळी तिथेच कमजोर होते.

जड पिशवी मागच्या हँडलला अडकवतात, ते मला फार धोक्याचं वाटतं. आई उठली किंवा चढ लागला, की खुर्ची मागे उलटू शकते. औषधांची छोटी पिशवी हाताच्या नळीला आतल्या बाजूने बांधा.

खर्चाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. आईचं दिव्यांग प्रमाणपत्र जोडून साहित्यासाठी लेखी अर्ज जरूर द्या आणि पोच घ्या.