आरपीजीतले ऐच्छिक पॅरामीटर : काय करावे, काय टाळावे

आयबीएम आय मशिनवर आरपीजी लिहिणाऱ्यांसाठी.

काय करावे

१. बंधनकारक पॅरामीटर आधी मांडा, ऐच्छिक शेवटी; एकाला *नोपास (न पाठवण्याची मुभा) लावले की पुढच्या प्रत्येकाला ते लावावेच लागते.

२. ऐच्छिक पॅरामीटर एकाहून अधिक असतील, तर *नोपाससोबत *ओमिटही द्या. मग पहिला गाळून दुसरा पाठवता येतो.

३. पॅरामीटरला हात लावण्याआधी तो आला आहे का ते तपासा : %पार्म्स >= %पार्मनम(सवलत). इथे ‘सवलत’ हे उदाहरणादाखल घेतलेल्या पॅरामीटरचे नाव.

४. *ओमिटची मुभा असेल, तर त्यानंतर पत्ताही तपासा. %अ‍ॅड्र(सवलत) *नल निघाला, तर तो गाळलेला आहे.

५. कंपायलरमध्ये %पास्ड असेल, तर तेच वापरा. ‘आला आहे’ आणि ‘गाळलेला नाही’ या दोन्ही गोष्टी एकदम कळतात.

६. स्थानिक व्हेरिएबलमध्ये आधी डीफॉल्ट भरा, पॅरामीटर आला असेल तरच त्यावर नवे मूल्य घ्या.

७. ही तपासणी प्रोसिजरच्या सुरुवातीलाच, एकदाच करा. पुढचे सगळे काम स्थानिक व्हेरिएबलवर चालवा.

८. उत्तर परत नेणाऱ्या पॅरामीटरमध्ये लिहिण्याआधीही तपासा. तिथे स्थानिक प्रत पुरत नाही.

९. फक्त वाचायच्या पॅरामीटरला कॉन्स्ट लावा. व्हॅल्यूप्रमाणे मोठ्या फील्डची विनाकारण नक्कल होत नाही.

१०. वापरात असलेल्या प्रोसिजरला नवा पॅरामीटर शेवटी, *नोपास लावून जोडा. जुने प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता चालत राहतात.

११. प्रोटोटाइप एकाच कॉपी मेंबरमध्ये ठेवा आणि प्रोसिजरच्या मोड्यूलमध्येही तोच घ्या. तफावत कंपायलरच दाखवतो.

१२. प्रत्येक तऱ्हेने कॉल करून पाहा : सगळे पाठवून, एकही ऐच्छिक न पाठवता, मधला गाळून.

काय टाळावे

१. न आलेला पॅरामीटर वाचू नका. एमसीएच ३६०१ देऊन काम थांबते, किंवा मेमरीतला जुना पत्ता वापरला जाऊन गुपचूप चुकीचे उत्तर निघते.

२. ही चूक मॉनिटरने पकडून पुढे जाऊ नका. जुना पत्ता वैध असेल, तर चूक उठतच नाही.

३. ‘%पार्म्स >= ३’ असा आकडा कोडमध्ये लिहू नका; प्रोसिजरला आरटीएनपार्म लावले की मोजणी एकाने वाढते.

४. %पार्म्स न पाहता नुसता पत्ता तपासू नका; न पाठवलेल्या पॅरामीटरचा पत्ता *नल असेलच असे नाही.

५. %पार्म्सने -१ दिले, तर अंदाज बांधू नका. किती पॅरामीटर आले हे कळलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

६. व्हॅल्यू लावलेल्या पॅरामीटरला *ओमिट देऊ नका. गाळल्याची खूण पत्त्यात असते, आणि इथे पत्ता येतच नाही.

७. शून्य किंवा रिकामे मूल्य म्हणजे ‘पाठवले नाही’ असे धरू नका. शून्य सवलत ही खरी सवलत आहे.

८. डीफॉल्ट स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. मागच्या कॉलचे मूल्य तिथे टिकून राहते.

९. ऐच्छिक पॅरामीटर न तपासता तसाच पुढच्या प्रोसिजरला देऊ नका; तिथे तो ‘आलेला’ म्हणून मोजला जातो.

१०. नवा पॅरामीटर मध्ये घुसवू नका. जुन्या कॉलमधले पुढचे सगळे पॅरामीटर एकेक जागा चुकतात.

११. ऐच्छिक पॅरामीटर नंतर बंधनकारक करू नका. जुने कंपाइल झालेले प्रोग्राम तो पाठवतच नाहीत.

१२. सहा-सात ऐच्छिक पॅरामीटरची रांग लावू नका. डेटा स्ट्रक्चर घ्या किंवा वेगळ्या नावाची प्रोसिजर लिहा.