अहीर मासा : जन्मस्थानाचा शोध

अहीर सापासारखा दिसत असला तरी कल्ले व पर असलेला मासाच आहे. युरोपातील अहिराची अंडी कोणालाच सापडत नव्हती, म्हणून तो चिखलातून उपजतो, असे ॲरिस्टॉटलने लिहिले. थोराचे वचन म्हणून ते शतकानुशतके टिकले.

डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनी मात्र अटलांटिक महासागरात वर्षानुवर्षे जाळी टाकून अहिराचे डिंभ मोजले. पश्चिमेकडे जावे तसतसे डिंभ लहान आढळत गेले. त्यावरून सारगासो समुद्र हे त्याचे जन्मस्थान असल्याचे त्यांनी १९२२ च्या सुमारास मांडले.

पानासारखे पारदर्शक डिंभ प्रवाहाबरोबर युरोपच्या किनाऱ्याला येतात, काचेसारखी पिल्ले होतात व नद्यांत शिरतात. गोड्या पाण्यात अनेक वर्षे वाढलेला पिवळसर अहीर अखेर चंदेरी होतो, खाणे सोडतो आणि सुमारे पाच हजार किलोमीटर दूरच्या जन्मस्थानी अंडी घालण्यास निघतो.

आज धरणे, जलविद्युत केंद्रांची पाती व अतिमासेमारी यांमुळे तो अतिसंकटग्रस्त ठरला आहे. समुद्रात त्याला अंडी घालताना अद्याप कोणीही पाहिलेले नाही. तेव्हा शोध संपलेला नाही. मात्र नद्यांच्या वाटा बंद झाल्या, तर शोधण्यास अहीरच उरणार नाही. वचनापेक्षा पुरावा मोठा, हा धडा आपण या माशाकडून घ्यावा.