ऐकणारी गावे आणि न ऐकणारी गावे

वृत्तपत्रविद्या म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बातमीदार उभा राहतो. परंतु या विषयात एम. ए. करणाऱ्यांना प्रबंधिकाही लिहावी लागते, आणि तिच्यासाठी पुष्कळदा लोकांत जाऊन प्रश्न विचारावे लागतात. हे काम कसे करतात ते समजण्यास आपल्याच मुलखातील एक जुना प्रयोग फार उपयोगी आहे.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे स्थापन केली. कल्पना मूळची कॅनडाची. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस माणसे एकत्र बसत, शेती-आरोग्यावरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. त्यांच्या शंका केंद्राकडे जात. असे वीस कार्यक्रम झाले.

त्याची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली केली. (हा मूळचा व्हिएन्नाचा. १९३८-३९ मध्ये तो दाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांत कैदी होता, आणि पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात त्याने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो त्या छावण्यांतील जीवनावरच. विद्यार्थ्याचे संशोधन कोठून सुरू होते पहा!)

नॉयराथने केवळ मंडळांची गावे पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशीही गावे घेतली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर प्रश्न विचारले. मला प्रथम हे व्यर्थ वाटले. ज्या गावाने काही ऐकलेच नाही त्याला काय विचारायचे? पण माहिती ग्रामसेवकाकडून येते, बाजारातूनही येते. मंडळाच्या गावाचे ज्ञान वाढले ते मंडळामुळेच, हे ठरवायला दुसरे गाव हवेच. निष्कर्ष असा निघाला की मंडळांच्या गावांत ज्ञान पुष्कळ वाढले, इतर गावांत फारच थोडे. म्हणजे नुसता रेडिओ पुरला नाही, बसून बोलणे कामी आले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

हे वाचून दिवाळीच्या सुटीत मी आमच्या गावी वीस घरी गेले. सरकारी योजनेची बातमी घरातील बायांना कोठून कळते, एवढाच प्रश्न. आमच्या घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वही घेऊन दारात उभी राहिले की लोक कौतुकाने चहा ठेवत. उत्तरे मात्र पुरुष देत. "तिला काय विचारतेस, मी सांगतो की," असे म्हणून एका काकांनी काकूंच्या वतीने सगळे सांगून टाकले : मोबाईलवर कळते. काकू चुलीपाशी होत्या. मी निघाले तेव्हा त्या गोठ्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोबाईल यांच्या खिशात असतो गं. मला दळणाला गेलं की कळतं."

घरी येऊन वही पाहिली. वीसपैकी तेरा घरची उत्तरे पुरुषांची होती आणि मी ती बायांच्या नावापुढे लिहिली होती. त्या तेरांवर मी काट मारली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा जाणार आहे, पण घरी नाही, गिरणीवर.