पाचोळ्याचे पांघरूण

कोकणातल्या एखाद्या देवराईत गेलात, तर पायाखालचा पाचोळा हळूच बाजूला सारून पाहा. वरची पाने कोरडी, त्यांखालची ओलसर व जाळीदार आणि तळाशी काळपट, भुसभुशीत माती दिसेल. आता बाहेरचा उघडा उतार पाहा. तेथील माती तांबडी, घट्ट आणि खडे वर आलेली! खडक तोच, पाऊसही तोच. मग हा फरक का?

रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ५ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. या माऱ्याने उघड्या मातीचे कण सुटे होतात, बारीक कण छिद्रांत बसतात व वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही; माती घेऊन वाहू लागते.

झाडे हा मारा अडवतात, असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. पानांवर लहान थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि आठ-दहा मीटर उंचीवरून पडताना त्यांना पुन्हा बराच वेग येतो. म्हणून उंच झाडांखालची जमीनही झाडून काढली, तर धुपते. तिचे खरे रक्षण करतात ती झुडपे, गवत आणि पाचोळा.

शिवाय जांभ्यावरील मातीतून विद्राव्य क्षार युगानुयुगे धुऊन गेले आहेत. उरली आहेत ती मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. त्यामुळे झाडांचे अन्न बरेचसे वरच्या थरातच असते. बुरशी, जिवाणू, वाळवी व गांडुळे पाचोळा कुजवतात आणि त्यातील द्रव्ये मुळांना परत मिळतात.

हे स्वतः पडताळून पाहा. दोन सारख्या पसरट डब्यांच्या एका बाजूला खाच पाडा. दोन्हींत सारखीच माती भरा. एकीवर वाळकी पाने पसरा. डबे सारखेच तिरपे ठेवून झारीने सारखेच पाणी घाला आणि खाचेतून येणारे पाणी पेल्यांत धरा. कोणत्या पेल्यात पाणी अधिक आले? अधिक गढूळ कोणते?

देवराईतले पडलेले पानही उचलायचे नाही, अशी रूढी अनेक गावांत आहे. तिचा अर्थ आता ध्यानात येईल. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तिचे पांघरूण जाळायला एका दुपारचा वणवा पुरतो.