एकच पॅटर्न, तीन धातू : फास्टर फेणेचा अभ्यास

हॉस्टेलवर भांडण कशावरून होईल याचा नेम नाही. मागच्या सेमिस्टरला ऐन पी.एल.मध्ये आमच्या रूमवर भांडण झालं ते फास्टर फेणेवरून! लॅपटॉपवर २०१७ चा सिनेमा लावला होता. अर्ध्यातच रूम पार्टनर म्हणाला, "हा फेणेच नव्हे. फेणे शाळेतला पोरगा पायजे." दुसरा उसळला, "अरे, शाळकरी पोराचा सिनेमा तू रात्री दोनपर्यंत जागून बघितला असतास काय?" दोघांचंही पटत होतं. म्हणूनच हा लेख.

आधी ओळख. भा. रा. भागवतांनी लिहिलेला बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. किडकिडीत अंगकाठी, हाताशी सायकल, आणि काही सुचलं की तोंडातून 'ट्टॉक'! प्रतापगडापासून आगरताळ्याच्या अरण्यापर्यंत तो फिरला. त्याला ना उडता येतं, ना त्याच्या अंगात विजेचा करंट. तरी मराठी पोरांचा सुपरहीरो तोच. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आला, तेव्हा सुमीत राघवनने तो केला. मग २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या सिनेमात तो अमेय वाघ झाला, चांगला वाढलेला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणारा.

आता नायक माध्यम बदलताना बदलतो कसा, हे समजून घ्यायला आपल्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत चला. इनप्लांट ट्रेनिंगला गेलो तेव्हा पॅटर्न शॉपमधल्या मामांनी विचारलं, "पॅटर्न ड्रॉइंगपेक्षा मोठा का?" उत्तर आपण पुस्तकात वाचलेलं असतंच. धातू थंड होताना आकसतो, म्हणून श्रिंकेज अलाउन्स द्यावा लागतो. कास्ट आयर्नला मीटरमागे साधारण १० मिमी, स्टीलला साधारण २० मिमी. म्हणजे धातू बदलला की पॅटर्नचं मापही बदलावं लागतं, तेव्हाच जॉब मापात येतो. जुनंच माप धरून बसलात तर जॉब रिजेक्ट!

माध्यमांचं असंच आहे. १९३८ मध्ये कॉमिक्समध्ये आलेला सुपरमॅन सुरुवातीला उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. १९४१ पासून त्याची कार्टून निघाली. पडद्यावर सारख्या उड्या विचित्र दिसू लागल्या आणि साहेब सरळ उडायलाच लागले. त्याला हतबल करणारं क्रिप्टोनाइट तर १९४३ मध्ये रेडिओवर जन्मलं आणि नंतर, १९४९ मध्ये, कॉमिक्सच्या पानावर आलं. आपल्या आधीच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचलेला वेताळ घ्या. १९३६ मध्ये तो कृष्णधवल छापला जाई आणि त्याच्या निर्मात्याच्या, ली फॉकच्या, मनात पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रंगीत छपाई आली आणि पोशाख जांभळा झाला. इटलीत तर तो लाल छापला गेला. तरी वेताळ वेताळच राहिला. कारण रंग हे त्याचं 'क्रिटिकल डायमेन्शन' नव्हतं.

तेव्हा वाद घालताना तीन प्रश्न विचारावेत.

१) या नायकाचं कुठलं माप हलवून चालणार नाही?
२) नव्या माध्यमाला कुठला बदल लागतच होता?
३) या दोन्हीत न बसणारा बदल कुठला, आणि तो कशासाठी केला?

फेणेला लावून बघू. त्याची चौकस नजर, न घाबरता घुसण्याची सवय आणि 'ट्टॉक', हे सिनेमाने राखलं. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेल्या मुलाचा मृत्यू आत्महत्या ठरवला जातो, ते बनेशला पटत नाही आणि तो प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्यापर्यंत जाऊन पोचतो. खुद्द भागवतही सिनेमात पात्र म्हणून आहेत, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. हे सगळं मापात.

अडतं ते वयापाशी. पुस्तकात मोठी माणसं या पोराला मोजतच नाहीत, म्हणून तो जिंकतो तेव्हा वाचणारं पोरगंही जिंकतं. हे माझ्या मते क्रिटिकल डायमेन्शन. दूरदर्शनने ते सांभाळलं, सिनेमाने सोडलं. बदल्यात सिनेमाने वेगळं काही दिलं : मोठ्या यंत्रणेसमोर उभा राहिलेला एकटा परीक्षार्थी. प्रवेश परीक्षा देऊन इथवर आलेल्या आपल्याला तो आपलाच वाटतो. म्हणजे जॉब रिजेक्ट नाही, पण गिऱ्हाईक बदललंय.

हे मला कळलं ते घरी गेल्यावर. पाचवीतल्या धाकट्या भावाला मोठ्या हौसेने सिनेमा दाखवला. त्याला आवडलाही. पण संपल्यावर म्हणाला, "दादा, पण हा तर तुझ्याएवढा हाय. माझ्याएवढा फेणे कुठाय?"

मी काय बोलणार! दुसऱ्या दिवशी त्याला 'प्रतापगडावर फास्टर फेणे' आणून दिलं. परवा त्याचा फोन आला. हॅलो नाही की काही नाही, आधी आवाज आला, "ट्टॉक!"

आमच्या रूमवरचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. ज्यांना बाजू घ्यायची असेल त्यांनी जेवणानंतर यावं. येताना फक्त एवढं करावं, पुस्तक वाचून यावं आणि सिनेमाही बघून यावं!