आधी इंजिन कसं बसलंय ते बघ

मने, शोरूममध्ये रंग पसंत करायच्या आधी माझं ऐक. सगळे ॲव्हरेज विचारतात, सीसी विचारतात. तू खाली वाकून इंजिन बघ. ते कसं बसवलंय, त्यावर सीटची उंची, टाकी आणि वजन ठरतं. दवाखान्याच्या दारात रोज गाडी स्टँडवर तुलाच घ्यायचीय.

बुलेटवर तुझा जीव आहे, मला ठाऊक आहे. तिच्या पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर, स्प्लेंडरची ४९.५. लांब धाव आणि जड फ्लायव्हील, म्हणून ती कमी फेऱ्यांतही ओढते. करंजी घाटात डबलसीट असलीस तरी सारखा गिअर उतरवावा लागत नाही. पण तेवढं इंजिन पेलायला चेसिसही तशीच दणकट लागते. गाडी जाते १९० किलोच्या पुढं. मुरमात ती मागं ढकलता येईल का तुला?

स्प्लेंडरचा ९७.२ सीसीचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपवलेला. वजन खाली राहतं, गाडी अंगावर येत नाही. पाथर्डी-तिसगाव रोजच्या येण्याजाण्याला मला तीच बरी वाटते. फक्त नवरात्रात मोहटादेवीच्या गर्दीत जपून हं. वारा लागला तरच ही इंजिनं थंड राहतात. रांगत चालवायची वेळ आली तर रेस करू नकोस, थांबलीस की बंद कर.

आता दाजी सांगतात ती फ्रीडम १२५. बजाजनं जुलै २०२४ मध्ये आणलेली सीएनजीची गाडी. मला तिची मांडणी फार आवडते. २ किलो गॅसची टाकी सीटखाली ठेवायची, म्हणून इंजिन आडवं केलं. टाकी लांब, म्हणून सीटही लांबलचक. आई, तू आणि पिशवी, सगळं मावेल. पेट्रोल मात्र २ लिटरच बसतं. म्हणजे तुझ्या रोजच्या वाटेवर गॅसचा पंप नसेल, तर ती घेण्यात अर्थ नाही. आणि सीट ८२५ मिलिमीटर उंच, स्प्लेंडरपेक्षा ४० नं जास्त. दोन्ही पाय टेकतात का ते बसून बघ.

ट्रायल एकटीनं घेऊ नकोस. आईला मागं बसव, चढावर गाडी थांबव आणि तिथूनच पुन्हा उचल. क्लच जळका वास मारायला लागला, तर मला फोन कर. पैसे भरायच्या आधी.